जी अक्षराचा डबा

१

मंगळवारी संध्याकाळी कौतिक मास्तरांच्या फळीवरून एक डबा नाहीसा झाला आणि त्याच्या जागी कागदात गुंडाळलेली वीट सापडली. बुधवारी सकाळी धुळ्याला मला तार आली, 'चोरी. ताबडतोब नीघ.' मी पोलिसात जमादार. साहेबाच्या हातापाया पडून शनिवारपर्यंतची रजा काढली आणि सर्व्हिस मोटारीने पारोळा, एरंडोल करत जळगावला पोचलो. चौतीस सालचा तो एप्रिल. माझ्या अंगावर धूळ किती आणि त्यात मी किती, हे सांगणं अवघड होतं.

चोरीला गेलं होतं काय, तर पुठ्ठ्याचा एक डबा. आत इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या.

मास्तरांनी मला इंग्रजी शिकवलं. मी मॅट्रिकला तीन वेळा इंग्रजीतच गचकलो, पण तो दोष त्यांचा नाही. दोष शाळेतल्या त्या जाडजूड विलायती कोशाचा. कुठल्याशा पाद्र्याने शंभर वर्षांपूर्वी लिहिलेला. त्यात 'ड्राय' शब्द काढावा तर अर्थ दिलेला, 'आर्द्रतेपासून वंचित अशा अवस्थेतील'. मग आर्द्रता शोधायची. तिथे लिहिलेलं, 'शुष्कतेचा अभाव'. शुष्कता शोधावी तर पुन्हा आपला 'ड्राय'. आम्ही पोरं घाण्याच्या बैलासारखी फिरून फिरून घामाघूम व्हायचो आणि घामाला इंग्रजीत काय म्हणतात तेही कळायचं नाही.

एके दिवशी मास्तरांनी तो कोश धाडकन मिटला. फळा पुसायचं एक फडकं पाण्यात बुडवलं, दुसरं कोरडं ठेवलं आणि म्हणाले, "हा वेट, हा ड्राय. एक कळला की दुसरा कळलाच." मला आयुष्यात पक्के आलेले इंग्रजी शब्द ते दोनच.

त्या दिवसापासून मास्तर स्वतःचा कोश लिहायला लागले. प्रत्येक शब्द त्याच्या उलट शब्दासकट. एका चिठ्ठीवर एक शब्द, दोन चिठ्ठ्या दोऱ्याने बांधून एक जोडी, आणि दोघांपैकी ज्याचं अक्षर आधी येतं त्याच्या डब्यात ती जोडी. शिवाय प्रत्येक शब्दाला दाखला द्यायचा तो जळगावातल्या जिवंत माणसाचा. "पोरांना विलायतेतला लॉर्ड कळत नाही," ते म्हणायचे, "रुपचंद शेठ कळतो."

बावीस वर्षं हे चाललं होतं. आता पुण्याच्या पुस्तक-कमिटीने पहिला भाग मागवला होता, ए पासून जी पर्यंत. शुक्रवारच्या टपालाने गेला तर शाळांसाठी मंजूर पुस्तकांच्या यादीत, नाहीतर पुढची यादी सात वर्षांनी. मास्तर अडुसष्ट वर्षांचे. एक डोळा ऑपरेशनात गेलेला, दुसऱ्यावर मोतीबिंदू. जीच्या डब्यात एकशे चाळीस जोड्या होत्या आणि त्यांच्या स्वच्छ नकलेची पानंही त्याच डब्यात होती. पुन्हा लिहायचं तर डोळे नाहीत, आणि सात वर्षं थांबायचं तर मास्तर नाहीत.

मी पाया पडलो. त्यांनी माझा चेहरा चाचपला आणि हातात वीट दिली.

"दोन दिवस आहेत, भटू," ते म्हणाले. "मॅट्रिकसारखं करू नकोस."

२

गुरुवारी सकाळी मी फळी तपासली. फळी एका बाजूला कललेली, डबे एकमेकांना टेकून उभे. मधला एक काढला की उजवीकडचे सगळे घरंगळून खाली येणार, झाकणं उघडणार, चिठ्ठ्यांचा पाचोळा होणार. तो होऊ नये म्हणूनच जीच्या जागी वीट होती. विटेवर पांढराशुभ्र आखीव कागद, चारही बाजूंनी नीट दुमडलेला.

"चोर हुशार आहे," मी म्हणालो. "जागा रिकामी दिसू नये म्हणून वीट ठेवली."

"मला दिसतंय कुठे?" मास्तर चिडले. "मी रोज संध्याकाळी डब्यांवरून हात फिरवतो. सोमवारी सगळे होते. मंगळवारी जीच्या जागी हाताला वीट लागली. आंधळ्याला फसवायला वीट ठेवणारा चोर हुशार कसा?"

मी मान खाली घातली. शाळेत घालायचो तशीच.

घरात माणसं तीन. मास्तर, त्यांची बायको मंजुळाबाई, आणि पुतणी प्रमिलाबाई. प्रमिलाबाईंचे आईबाप अठरा सालच्या तापसरीत दोंडाईच्याला वारले, तेव्हा अकरा वर्षांच्या या पोरीला मास्तर घेऊन आले. पंधराव्या वर्षी जामनेरला लग्न झालं, सतराव्या वर्षी कपाळ पुसून परत आली. तेव्हापासून दहा वर्षं इथेच. मास्तरांकडून इंग्रजी शिकली, आणि त्यांचे डोळे जायला लागल्यापासून कोशाचं सगळं लिखाण तिच्याच हातचं.

मंजुळाबाई धुळ्याकडच्या, म्हणजे माझ्याच बोलीतल्या. "पहिले चहा पी ले भाऊ, मंग चोर धर," त्या म्हणाल्या. "बठ्ठं घर उलथंपालथं करी टाकं, पन डबा काई सापडना नई."

मंगळवारी दुपारभर त्या शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. मास्तर डोळ्यांत औषध घालून आतल्या खोलीत पडून होते. म्हणजे पाहणारी एकच. मी प्रमिलाबाईंना समोर बसवलं. त्या सतरंजीच्या अगदी कडेला बसल्या.

"मंगळवारी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच."

"कोण कोण आलं?"

"दुपारी रुपचंद शेठ. चारच्या सुमाराला सत्तारभाई नवे डबे घेऊन."

"त्यांतल्या कुणाला डबा नेताना पाहिलंत?"

"नाही."

"आणि शाळेतले छगन मास्तर?"

"ते सोमवारी सकाळीच धुळ्याला गेले होते. शिक्षकांच्या सभेला."

"नक्कल कुठवर आली होती?"

"ग्रो आणि श्रिंक. ती जोडी सोमवारी दिवेलागणीला संपवली."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी लिहवलं नाही."

एवढं बोलून त्या उठल्या, स्वयंपाकघराच्या दाराशी थांबल्या आणि आत विचारलं, "काकू, पाणी घेऊ का?"

आतून काहीतरी पुटपुटल्याचा आवाज आला. मला त्या उत्तरांत बोट ठेवायला जागा मिळेना. पोलिसातल्या माणसाला सगळ्यात जास्त राग येतो तो सरळ उत्तरांचा.

तेवढ्यात फळीवर माझं लक्ष गेलं. एमच्या डब्याची दोरी इतर डब्यांसारखी बांधलेली नव्हती.

३

सत्तारभाई पुस्तकं बांधतो. मास्तरांचे सगळे डबे त्याने केलेले, वरच्या दोऱ्याही त्याच्याच. इंग्रजीचं एक अक्षर त्याला येत नाही, पण कुठला डबा कुठला हे तो कापडाच्या रंगावरून ओळखतो. मी गेलो तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर हात बांधून बसला होता, आणि हात बांधून बसलेला सत्तार मी कधी पाहिला नव्हता.

"शेठने गावभर सांगितलं, सत्तारने डबा नेला," तो म्हणाला. "शाळेने हजेरीबुकं परत मागून घेतली जमादारसाब. वीस साल हो गये. मास्तरांचा एक कागद कधी माझ्या हातून दुमडला नाही. मला काय करायचंय त्या डब्याचं? मला तर वाचता पण येत नाही."

फळीवर एमच्या जागी पाट लावून मी डबा बरोबर आणला होता, तो पुढे केला. त्याने दोरीला हात लावायच्या आधीच मान हलवली.

"ये गाठ मेरी नहीं. मी दुहेरी फास मारतो. ही तर कपाशीच्या बोंद्रीची गाठ आहे."

कपाशीच्या बोंद्र्या, म्हणजे कापसाचे गठ्ठे, कोण बांधतं? जिनवाले. गावात सरकी काढायची जिन कुणाची? रुपचंद शेठची. माझी छाती फुगली. मी तसाच उन्हातून जिनमध्ये गेलो.

शेठ गादीवर लोळत होते. मी डबा समोर ठेवला तसे ते उठून बसले आणि मीच चोर असल्यासारखे माझ्यावर ओरडले.

"हो, उघडला! मंगळवारी मास्तर आत झोपले होते, पोरगी मागच्या पडवीत होती, तेव्हा उघडला. काय करशील? गावात पोरंसोरं हसतात मला. मास्तरने कोशात कंजूष या शब्दाला माझं नाव दिलंय म्हणतात. मायझर! छगन मास्तरने मला शब्द लिहून दिला, एमपासून सुरू होतो म्हणाला."

"मग?"

"मग काय! डब्यात पाच-पंचवीस चिठ्ठ्या. मायझर नाहीच त्यात. मास्तरने लपवलाय, दुसरं काय! मग डबा गेल्याची बोंब झाली, तेव्हा आळ माझ्यावर येऊ नये म्हणून सत्तारचं नाव घेतलं. मला काय माहीत, डबा कुणी नेला ते!"

माझी छाती खाली बसली. मायझर एमच्या डब्यात कधीच नव्हता. त्याच्या उलट जनरस, आणि जी आधी येतं, म्हणून ती जोडी जीच्या डब्यात. शेठला मांडणी माहीत असती तर त्यांनी एमला हातच लावला नसता. माहीत नव्हती, म्हणून ते जीच्या डब्याकडे वळलेच नाहीत. चोर हा नव्हता.

आणि मी भर उन्हात दीड मैल चालून एका माणसाचं निर्दोषत्व तेवढं सिद्ध केलं होतं, तेही अशा माणसाचं की ज्याला आत टाकायला मला मनापासून आवडलं असतं.

मांडणी माहीत असलेला माणूस पाहिजे होता. असा बाहेरचा एकच उरला.

४

छगन मास्तर. बी.ए., कपाळावर केसांची बट, शाळेत मास्तरांच्या जागेवर आलेला. याला मास्तरांचा कोश म्हणजे म्हाताऱ्याचा पोरखेळ वाटायचा. स्वतःचा नव्या पद्धतीचा कोश तो त्याच कमिटीला पाठवणार होता. मास्तरांचं पुस्तक न गेलं तर फायदा याचा. मांडणी याला ठाऊक. शेठच्या कानात मायझर घालणाराही हाच. सगळं जुळत होतं, फक्त एक सोडून.

ते एक असं, की बुधवारी धुळ्याहून येणाऱ्या मोटारीत हा माझ्याच शेजारी बसला होता. सोमवारी सकाळी गेला, बुधवारी माझ्यासोबत परतला. चार तास त्याने मला शब्दांच्या आधुनिक व्याख्यांवर व्याख्यान दिलं होतं. माझ्याइतका पक्का साक्षीदार त्याला जगात मिळाला नसता.

तरी मी गेलो. राग कुठेतरी काढायला हवा होता.

"भाऊसाहेब," तो हसून म्हणाला, "मला पुस्तक बुडवायचं असतं तर मी ए, बी, सी नेले असते. या उलटसुलट मांडणीत आधीच्या अक्षरांचे डबे तुडुंब असतात आणि पुढचे रिकामे. जी म्हणजे ना धड इकडे ना तिकडे. जी कोण नेईल?"

"तेच तुम्हाला विचारतोय."

"ज्याला जीमधलंच काहीतरी हवंय, किंवा नकोय, तो. पण मास्तरांची पद्धतच चुकीची आहे हो. उलट शब्दाने अर्थ कळतो होय? चोराच्या उलट काय? सांगा बरं."

शिपाई म्हणावं तर पोलिसात वीस वर्षं काढलेला माणूस ते छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. मी तसाच उठलो.

गुरुवार मावळला. रात्री मला झोप आली नाही. तीन माणसं तपासली होती आणि तिन्ही निर्दोष ठरली होती. असला तपास साहेबाला सांगितला असता तर त्याने माझा पट्टाच काढून घेतला असता.

५

शुक्रवारची दुपार. टपाल पाच वाजता बंद होणार. घड्याळात बारा वाजून गेलेले. पुण्याचा पत्ता लिहिलेलं कापड प्रमिलाबाईंनी शिवून तयार ठेवलं होतं, आत ए ते एफची पानं रचलेली. फक्त जीची जागा मोकळी.

मास्तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्याने ते बघवेना. मी वीट उचलली आणि जमिनीवर आपटली.

कागद फाटला आणि विटेचा लाल भुगा सतरंजीवर सांडला.

मी त्या भुग्याकडे बघत राहिलो. वीट उघडी ठेवली असती तर हाच भुगा शेजारच्या डब्यांत गेला असता, चिठ्ठ्यांवर लाल डाग पडले असते. म्हणून कागद गुंडाळला होता. आणि कागद कुठला? घरात रद्दीचे ढीग पडलेले असताना नकलेचा कोरा, आखीव कागद. का, तर रद्दीची शाई दुसऱ्या डब्यांना लागू नये. हे फसवण्यासाठी केलेलं नव्हतं. शेजारचे डबे पडू नयेत, मळू नयेत, एवढ्यासाठी केलेलं होतं.

"मास्तर," मी विचारलं, "चोराच्या उलट काय?"

त्यांनी भिंतीवर बोटाने एक अक्षर काढलं. मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "कीपर. राखणारा. केच्या डब्यात आहे. कीपर आणि थीफ."

दोन दिवस मी चोर शोधत होतो. ज्याने डबा नेला त्याची एकही गोष्ट चोरासारखी नव्हती, सगळ्या उलट होत्या. तो राखणारा होता. या फळीची राखण करणारी माणसं तीनच. मास्तरांना दिसत नाही. सत्तारला वाचता येत नाही, आणि त्याला जीमधलं काही नकोसं वाटायचं कारणच नाही.

"मास्तर, ग्रोच्या पुढे कुठली जोडी?"

"गेस्ट आणि होस्ट. मग गिल्टी आणि इनोसंट."

"गेस्टचा दाखला काय?"

"आठवत नाही रे. फार जुनी चिठ्ठी आहे."

तेवढ्यात मंजुळाबाई तरातरा बाहेर आल्या. "भटूभाऊ, तूच सांग त्या पोरले. सोमवारपासून धड जेवस नई. सोताना घरमा 'पानी लेऊ का' म्हनी इचारस माले! इतलं वरीस झायं, कधी इचारं व्हतं का?"

सोमवारपासून. सोमवारी दिवेलागणीला ग्रोची जोडी संपली होती, आणि त्यापुढची चिठ्ठी हातात आली होती. सतरंजीच्या कडेला बसणारी, स्वतःच्या घरात पाणी विचारून पिणारी ती बाई दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी मूर्ख जिनमध्ये गाठी मोजत फिरत होतो. मी विचारलं त्या सगळ्याची तिने खरी उत्तरं दिली होती. जे विचारायला हवं होतं ते मी विचारलंच नव्हतं.

६

प्रमिलाबाई मागच्या पडवीत होत्या. पुढ्यात एक ट्रंक, तिला कुलूप लावलेलं.

"बाई, डबा कुठे ठेवलात?"

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर भीती नव्हती, थकवा होता.

"पाहुण्यांच्या गाद्यांमध्ये," त्या म्हणाल्या. "जिथली वस्तू तिथे."

मी कोपऱ्यातल्या गाद्यांच्या थप्पीत हात घातला. पाहुणे आले की काढायच्या त्या गाद्या. तिसऱ्या आणि चौथ्या गादीच्या मधे डबा होता. दोरी दुहेरी फासाची, आणि कसर लागू नये म्हणून वर कडुलिंबाचा ताजा पाला. मी डबा, बाई आणि मंजुळाबाई, तिघांना घेऊन मास्तरांपुढे गेलो.

मास्तरांनी डब्यावर हात ठेवला. "कुणी नेला होता?"

"मी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "नासवला नाही की फाडला नाही. तुमचा कोश बुडवायचा नव्हता मला आबा. पण ती चिठ्ठी माझ्या हाताने लिहवेना, आणि कुणी ती मला लिहायला लावू नये म्हणून डबा लपवला. आज चारला डबा फळीवर ठेवणार होते आणि जामनेरच्या मोटारीने जाणार होते."

"कुठली चिठ्ठी?"

त्यांनी डबा उघडला, जोडी बरोबर काढली आणि वाचली. आवाज अगदी शाळेतल्यासारखा. "गेस्ट. दुसऱ्याच्या घरी काही काळ राहून पाहुणचार घेणारा. याच्या उलट होस्ट, म्हणजे घरधनी. दाखला. प्रमिला आमच्या घरी गेस्ट आहे."

त्यांनी चिठ्ठी उलटी करून डब्यावर ठेवली.

"दहा वर्षं मी तुमचे डोळे झाले," प्रमिलाबाई पुढे म्हणाल्या, आणि आता आवाज शाळेतला राहिला नव्हता. "एफपर्यंत तीन हजार शब्द लिहिले. कधी म्हणाला नाहीत की बरं झालं तू आहेस. म्हटलं, स्वभाव आहे. मग ही चिठ्ठी आली. एवढंच कळलं की इथे आपलं काय नातं आहे."

मास्तरांनी हात पुढे केला. "अक्षर कुणाचं?"

"तुमचं."

"शाई?"

"जांभळी."

"जांभळी शाई मी सतरा सालापर्यंत वापरली. मग युद्धात ती मिळेनाशी झाली." मास्तर सावकाश बोलत होते. "सतराची दिवाळी. तू आईबरोबर दोंडाईच्याहून चार दिवस आली होतीस. दहा वर्षांची. लाडू खाऊन झाल्यावर ताट उचलायला लागलीस तर मी म्हणालो, राहू दे, तू गेस्ट आहेस. तू विचारलंस, गेस्ट म्हणजे काय. तेव्हा ती चिठ्ठी लिहिली. तुझ्यासाठीच लिहिली."

मीही चिठ्ठी पाहिली. शेजारच्या पन्नास चिठ्ठ्यांत तेवढीच जांभळी होती. ही बाई रोज शाई घोटून लिहिणारी. रंग तिच्या ध्यानात आला नसेल असं नाही. राग आल्यावर माणूस शब्द तेवढा वाचतो.

"जुनी असेल," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पण बदलली नाहीत."

मास्तरांनी चिठ्ठीवरून अंगठा फिरवला.

"नाही बदलली," ते म्हणाले. "रुपचंदचा दाखला चारदा बदलला. फेलच्या खाली भटूचं नाव तीनदा दुरुस्त केलं. तुझी चिठ्ठी काढून बघावी असं सतरा वर्षांत सुचलं नाही. त्या शब्दाशेजारी तू कधी डोळ्यांपुढे आलीच नाहीस. चुकलं माझं, पोरी. फार चुकलं."

"सोताना तोंडवर कधी बोलना नई, आते बोलना," मंजुळाबाई डोळ्याला पदर लावत म्हणाल्या.

घड्याळात सव्वा वाजला होता. पोलिसाच्या जातीला रडायची सवड नसते. "मास्तर," मी म्हणालो, "पाच वाजता टपाल बंद."

"लिही," मास्तर म्हणाले.

प्रमिलाबाई उभ्याच होत्या. क्षणभर मला वाटलं त्या ट्रंक उचलून जातील आणि बावीस वर्षं फळीवरच राहतील. मग त्या बसल्या. सतरंजीच्या कडेला नाही, मधोमध, मास्तरांच्या खाटेला टेकून. दौत ओढली.

"होस्ट," मास्तर सांगू लागले. "घरधनी, जिच्या जिवावर घर चालतं. दाखला. प्रमिला या घरची होस्ट आहे. आता गेस्ट. दाखला. कौतिक मास्तर तिच्या घरी गेस्ट आहेत."

"असलं काही लिहिणार नाही मी," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"का? कमिटीला खरे दाखले लागतात. तीन महिन्यांपूर्वी सकाळी उठल्यावर मला तुझी पावलं मोजून चालावं लागलं, त्या दिवसापासून हे खरं आहे. लिही."

त्यांनी लिहिलं. मी वाकून बघितलं, अक्षर जरा हललं होतं.

मग चाळत चाळत मी जनरस आणि मायझरची जोडी काढली. शेठला सांगायला काहीतरी हवं होतं. जनरसचा दाखला, 'रुपचंद शेठ. बावीस वर्षं डब्यांचा पुठ्ठा यांनीच दिला.' मायझरचा दाखला, 'कौतिक मास्तर. शाबासकी देताना हात आखडतो.'

७

पाच वाजायला दहा मिनिटं असताना मी पुडकं टपालात टाकलं. वाटेत सत्तारच्या दुकानापुढे थांबून ओरडून सांगितलं, डबा सापडला, घरातच होता. तो पायरीवरून उठला आणि आत जाऊन सुई हातात घेतली. शेठकडे मी मुद्दामच गेलो नाही. एक रात्र त्यांनी मायझर राहिलेलं बरं.

पुढे आठ महिन्यांनी कमिटीचं पत्र आलं. पुस्तक यादीत घेतलं होतं, मात्र एक अट होती. जिवंत माणसांचे सगळे दाखले काढून टाकावेत. त्यामुळे छापील कोशात गेस्टही कोरा, होस्टही कोरा, आणि फेलच्या खाली मी नाही. पास झालो म्हणावं तर तेही नाही. बावीस वर्षांच्या मेहनतीवर असा बोळा फिरलेला पाहून मला इतका संताप आला की मी ते पत्र दोनदा फेकलं आणि दोनदा उचललं. पण हे पुढचं.

त्या शुक्रवारी मी टपाल टाकून परत आलो तेव्हा मास्तर गाढ झोपले होते. प्रमिलाबाई साडेतीन तास सलग लिहून उठल्या होत्या, बोटांना शाई, मानेवर घाम. मंजुळाबाई चुलीपाशी होत्या. ट्रंकेचं कुलूप काढून खिडकीत ठेवलेलं होतं.

प्रमिलाबाई स्वयंपाकघरात गेल्या. दाराशी थांबल्या नाहीत. माठावरचं झाकण उचललं, दोन फुलपात्रं पाणी घटाघटा प्यायल्या आणि तिसरं भरून माझ्यासाठी आणलं.

मंजुळाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि भाकरी उलटली. मी पाणी प्यालो.